अज्ञात सैनिकांच्या कबरी (अमेरिकी यादवी युद्ध)

अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिकांना सरकारी ओळखबिल्ले नव्हते. काही जण लढाईआधी नाव-गाव कागदावर लिहून कोटाला टाचत. मेलेल्याला साथीदार तिथेच उथळ खड्ड्यात पुरत आणि उशाशी फळी रोवत. तिच्यावरची पेन्सिलीची अक्षरे ऊनपावसात टिकत नसत. युद्धानंतर उत्तरेच्या, म्हणजे जिंकलेल्या बाजूच्या, संघसरकारने असे सुमारे तीन लाख देह उकरून राष्ट्रीय दफनभूमींत आणले. ओळख पटली ती निम्म्याहून जरा अधिकांची. त्याच्याविरुद्ध लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांना या मोहिमेतून वगळले होते. त्यांचे काम रिचमंडसारख्या ठिकाणी महिला मंडळांनी पार पाडले.

व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्ग दफनभूमीत पंधरा हजारांवर सैनिक आहेत, त्यांतले १२,००० हून अधिक अज्ञात. १८७३ मध्ये ठरलेल्या नमुन्याप्रमाणे नाव ठाऊक असलेल्याला उभी संगमरवरी शिळा मिळाली. अज्ञाताला सहा इंच चौरस, ३० इंच लांबीचा ठोकळा, तोही बहुतांशी जमिनीत गाडलेला. त्याच्या माथ्यावर एकाखाली एक दोन आकडे दिसले, तर वरचा कबरीचा क्रमांक आणि खालचा आत पुरलेल्यांची संख्या. त्यामुळे ठोकळे मोजून सैनिकांचा हिशेब लागत नाही. १९०३ मध्ये ठोकळ्यांची पद्धत बंद होऊन अज्ञातांनाही उभी शिळा मिळू लागली. हा भेद मुळात करायलाच नको होता.

मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी (१९७१ पूर्वी ३० मे) अमेरिकेत युद्धात मेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन असतो. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्याआधी सैनिक प्रत्येक शिळेपुढे मधोमध, एक फूट अंतरावर छोटा ध्वज रोवतात. अंतर बुटानेच मोजतात. फ्रेडरिक्सबर्गला त्या सुमारास संध्याकाळी दर सैनिकामागे एक मेणबत्ती लावतात.

कबरीवरचा दगड धुण्याआधी दफनभूमीच्या व्यवस्थापनाची परवानगी लागते. आधी साधे पाणी भरपूर मारून दगड भिजवावा, म्हणजे नंतर लावायचे द्रावण खोल शिरत नाही. मग दगडांसाठीचे सौम्य जैवनाशक (शेवाळ-बुरशी मारणारे द्रावण) लावून काही मिनिटे थांबावे आणि मऊ ब्रशने खालून वर घासावे. वरून सुरुवात केल्यास मळकट ओघळांचे डाग राहतात. शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावे. कडाक्याच्या थंडीत हे काम करू नये, मुरलेले पाणी गोठून दगड तडकतो. ब्लीच कटाक्षाने टाळावे: त्याचे क्षार छिद्रांत स्फटिक धरतात आणि संगमरवर साखरेसारखा भुरभुरतो. तारेचा ब्रश आणि दाबाच्या पाण्याचे यंत्रही नको. बुटक्या ठोकळ्यांना मोठा धोका गवत कापणाऱ्या यंत्राचा. त्याने कडा उडतात, म्हणून भोवतीचे गवत हातानेच काढावे.