तात्पुरता फटाका परवाना : आधी जागा मोजा, मग कागद जमवा

पोळा आटोपला, की दिवाळीत फटाक्यांचे दुकान लावू इच्छिणारी मंडळी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागतात. तहसील कचेरीजवळ बसून हे काम मी बरीच वर्षे करीत आहे. परत आलेल्या अर्जांवरचे शेरे वाचून माझी खात्री झाली आहे, की बहुतेकांचा परवाना कागदांपेक्षा जागेमुळे अडतो, आणि तो अडल्याचे कळेपर्यंत अर्जदाराने अकोल्याहून किंवा नागपूरहून उधारीवर माल उचललेला असतो. म्हणून ही माहिती जागेपासूनच सुरू करतो.

तत्पूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आपल्या गावच्या किराणा दुकानात चार खोकी फटाके ठेवले तर परवाना कशाला लागतो, असे अनेकांना वाटते. विस्फोटक अधिनियम, १८८४ आणि विस्फोटक नियम, २००८ यांनुसार विक्रीसाठी परवाना लागतोच, आणि सणापुरता मिळणारा तात्पुरता परवाना हा मोकळ्या जागेवरच्या शेडसाठी असतो. तो दाखवून किराण्याच्या गल्ल्यावर फटाके विकता येत नाहीत. पक्क्या दुकानातून विक्री करायची असेल तर कायम परवान्याच्या अटी वेगळ्या व कडक आहेत. दुकान तळमजल्यावर, विटा, दगड किंवा काँक्रीटचे आणि ९ ते २५ चौरस मीटरचे असावे लागते आणि वरच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर ते चालत नाही. आपल्याकडे बहुतेकांचे घर आणि दुकान एकाच छताखाली असल्यामुळे या मार्गाने जाणारे थोडेच.

आता जागा. नियम ८४ सांगतो, की शेड कोणत्याही संरक्षित बांधकामापासून किमान ५० मीटर दूर असावे. राहती घरे, शाळा, दवाखाना, लोक जमतात अशा इमारती, सार्वजनिक रस्ता आणि उच्च दाबाची वीजवाहिनी हे सारे त्यात येते. मागे एक तरुण आपल्या हाताने काढलेला नकाशा घेऊन आला होता. वहीच्या चौकटीच्या कागदावर लाल शाईने शेड, निळ्या शाईने शाळेची भिंत आणि मधे बाणाने दाखवलेले अंतर, असे त्याने फार निगुतीने काढले होते. त्या बाणावर ‘५०’ लिहिले होते. मोजले कशाने, असे विचारले तर म्हणाला, गवंड्याच्या टेपने, पन्नास फूट पुरे भरले. पन्नास मीटर म्हणजे सुमारे १६४ फूट होतात, हे कळल्यावर तो बराच वेळ नकाशाकडे पाहत बसला, कारण आठवडी बाजाराच्या त्या पटांगणात एवढी जागा कोणत्याच बाजूला नव्हती. हीच चूक मी दरवर्षी पाहतो. कृपा करून पावलांनी किंवा अंदाजाने मोजू नका. लांब टेप घेऊन, सोबत एक माणूस घेऊन, चारही बाजूंनी मीटरमध्ये मोजा आणि नकाशावर ‘मीटर’ हा शब्द पूर्ण लिहा.

दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर हवे, शेडची तोंडे समोरासमोर नसावीत आणि एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकाने नसावीत. शेड न जळणाऱ्या साहित्याचे असावे, म्हणजे टिनाचे. बांबूचे तट्टे, कनात, हिरवी जाळी किंवा सावलीसाठी पुढे ओढलेली ताडपत्रीसुद्धा चालत नाही, आणि पाहणीला आलेले अधिकारी सर्वांत आधी तीच पाहतात. आत किंवा जवळपास कंदील, गॅसबत्ती वा उघडी ज्योत नको. विजेचा दिवा भिंतीला किंवा छताला पक्का बसवलेला असावा, वायरला लोंबकळणारा नसावा. बटणे भिंतीला पक्की असावीत आणि प्रत्येक रांगेला एक मुख्य बटण असावे. शेडपासून ५० मीटरच्या आत फटाके वाजवून दाखवण्यास मनाई आहे, तेव्हा गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी नमुना म्हणून एकही फटाका फोडू नका.

नियमात जिचा शब्दशः उल्लेख सापडणार नाही, पण आपल्या भागात जी डोळ्यांत तेल घालून पाहावी, अशी एक गोष्ट आहे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन काढून झालेले असते, गावाच्या कडेला कुटाराचे ढीग आणि गंज्या रचलेल्या असतात, घरोघरी पहिल्या वेच्याचा कापूस येऊन पडलेला असतो आणि पूर्वेकडच्या धानपट्ट्यात तणस असते. मोजमापात बसणारी जागा बहुतेक वेळा गावाबाहेरच सापडते, आणि नेमके तिथेच शेजारच्या वावरात कुटार असते. अर्ज करण्यापूर्वी त्या शेतकऱ्याला भेटा, ढीग हलवण्याबद्दल बोला आणि ते जमत नसेल तर जागा बदला. एका ठिणगीत त्याचा वर्षभराचा चारा जाऊ शकतो.

जागा ठरली, की ती कोणाची आहे हे सातबाऱ्यावर पाहा. खासगी असेल तर मालकाचे संमतीपत्र पुरते आणि गावठाणातली असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो. अडचण येते ती ई-क्लास, म्हणजे गुरे चरण्यासाठी राखलेल्या, जमिनीची. गावात सगळे तिला ग्रामपंचायतीची जागा म्हणतात आणि सरपंचांचे पत्र जोडून मोकळे होतात. प्रत्यक्षात सातबाऱ्यावर नाव शासनाचे असते आणि अर्ज तिथेच थांबतो. अशा जागेसाठी तहसीलदारांकडे वेगळा अर्ज आधीच करावा.

जो कागद कोणाकडेच नसतो, तो म्हणजे अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला. गाव ग्रामपंचायतीचे, बंब तालुक्याच्या नगर परिषदेचा, आणि तिथे गेले की ‘हे गाव आमच्या हद्दीत नाही’ असे उत्तर मिळते. जे कार्यालय अर्जदाराच्या गावात नाही, त्याचा दाखला त्याने चपला झिजवून आणावा, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. दोन सरकारी कार्यालयांनी एकमेकांना पत्र लिहिले तर हे काम होऊ शकते. तसे होत नाही तोवर एवढे करा, की नगर परिषदेला लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, ती परवान्याच्या मूळ अर्जाला जोडा आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाने अहवाल थेट मागवावा अशी विनंती अर्जातच लिहा. तोंडी नकार घेऊन कधीही परत फिरू नका. शेडमध्ये वाळूच्या बादल्या, पाण्याचा ड्रम आणि मुदत न संपलेले अग्निशामक सिलिंडर असल्याचे शपथपत्रात नमूद करा आणि ते खरोखर ठेवा.

दुसरी ठेच लागते तारखेची. जिल्हादंडाधिकारी कार्यालय, किंवा जिथे अधिकार सोपवलेले आहेत तिथे उपविभागीय दंडाधिकारी कार्यालय, अर्जाची अंतिम तारीख जाहीर करते. ही तारीख सर्व दाखल्यांसह पूर्ण अर्ज दाखल करण्याची असते, धावपळ सुरू करण्याची नव्हे. पोलीस ठाण्याचा अहवाल यायला वेळ लागतो आणि नवरात्र ते दसरा या काळात ठाण्यावर बंदोबस्ताचा ताण असतो, म्हणून सूचना निघण्याची वाट न पाहता जागेचे कागद आधीच तयार ठेवावेत. सूचना उशिरा लावायची आणि मुदत मात्र आठवड्याची द्यायची, ही काही कार्यालयांची पद्धत बदलायला हवी.

बाकीचे सोपे आहे. नमुना एई-५ मधील अर्ज, आधार, रहिवासी पुरावा, छायाचित्रे, मागील परवाना असल्यास त्याची प्रत आणि शुल्काचे चलन जोडावे. चलन भरण्यापूर्वी लेखाशीर्ष, म्हणजे पैसे ज्या सरकारी खात्यात जमा करायचे त्याचा क्रमांक, कार्यालयातून लिहून घ्यावे, कारण चुकीच्या शीर्षात गेलेले पैसे परत मिळायला फार त्रास होतो. परवाना हाती येईपर्यंत माल आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

माल घेतानाही सावध राहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशानुसार फक्त हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणारे, फटाके विकता येतात. लडी आणि बेरियमचे क्षार असलेले फटाके विकण्यास बंदी आहे. हरित फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली आणि त्यांना मान्यता देणाऱ्या पेसो या स्फोटकांच्या सुरक्षिततेसाठीच्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. खोक्यावरचे चिन्ह आणि क्यूआर कोड मोबाइलवर तपासल्याशिवाय ठोक व्यापाऱ्याचा माल उचलू नका. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलहून जास्त आवाज करणारा फटाका चालत नाही. गिऱ्हाइकालाही सांगा, की दिवाळीत फटाके फोडण्याची वेळ रात्री ८ ते १० आहे आणि दवाखाना, शाळा व न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. शेडमध्ये १८ वर्षांखालील मुलाला, स्वतःचा असला तरी, कामाला बसवू नका.

परवान्यावरची शेवटची तारीख उलटली, की उरलेला माल त्याच रात्रीपासून विनापरवाना ठरतो. तो घरात माळ्यावर किंवा कापसाच्या खोलीत ठेवण्याऐवजी ठोक व्यापाऱ्याकडे परत द्यावा, आणि परत घेण्याचे त्याच्याकडून खरेदीच्या दिवशीच पावतीवर लिहून घ्यावे.