बीएमसी : प्रमाणपत्रे आणि फर्मवेअर यांची देखभाल

सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरपासून वेगळा असा एक छोटा संगणक असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजेच बीएमसी म्हणतात. मुंबई महापालिकेशी याचा संबंध नाही. डेलच्या यंत्रांत तो आयड्रॅक, एचपीईच्या यंत्रांत आयएलओ आणि लेनोव्होच्या यंत्रांत एक्सक्लॅरिटी कंट्रोलर या नावाने असतो. सर्व्हर बंद असला तरी वीज आहे तोवर बीएमसी जागा राहतो. दूर बसून यंत्र चालू-बंद करणे, त्याचा स्क्रीन पाहणे, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकणे, पंखे आणि तापमान यांवर नजर ठेवणे ही कामे त्याच्यामार्फत होतात.

नागपुरात त्याची किंमत मे महिन्यात कळते. पारा ४५ अंशांपुढे जातो. घरोघरी चालणारा कूलर सर्व्हर रूममध्ये उपयोगाचा नाही, कारण तो हवेत ओल सोडतो. तिथे एसीच हवा. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी, अशी शिफारस आहे. रविवारी दुपारी एसी बंद पडला, तर त्याची पहिली खबर बीएमसीच देतो आणि मिहानमधल्या कार्यालयातून किंवा घरून यंत्र सुखरूप बंद करता येते.

ज्याच्या हाती बीएमसी, त्याच्या हाती अख्खा सर्व्हर. ऑपरेटिंग सिस्टिममधल्या अँटिव्हायरसला तो दिसत नाही आणि डिस्क पुसूनही त्यात शिरलेला घुसखोर जात नाही. २०१७मध्ये आयएलओ ४मध्ये सापडलेली त्रुटी अशी होती, की वेब विनंतीच्या एका शीर्षकात (हेडरमध्ये) ‘ए’ हे अक्षर २९ वेळा पाठवले की पासवर्डशिवाय प्रवेश मिळे. २०२१च्या अखेरीस उघड झालेले आयएलओब्लीड हे घातक सॉफ्टवेअर फर्मवेअरचे, म्हणजे बीएमसीत बसवलेल्या त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचे, अपडेट रोखून धरी आणि अपडेट झाल्याचे भासवी. म्हणून ‘यशस्वी’ हा संदेश पाहून थांबू नये; आवृत्ती वेगळी तपासावी. एएमआय या कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधील त्रुटी (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-५४०८५) हिचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होत असल्याची नोंद अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने जून २०२५मध्ये केली.

सर्वांत दुर्लक्षित भाग प्रमाणपत्राचा, म्हणजे बीएमसीचे वेब पान खरे आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या डिजिटल ओळखपत्राचा. कारखान्यातून येणारे प्रमाणपत्र बहुधा स्वतःच स्वतःवर सही केलेले असते, त्यामुळे ब्राउझर इशारा देतो. रोज तो इशारा ओलांडायची सवय लागली, की मध्ये कोणी खोटे पान उभे करून पासवर्ड घेतला तरी शंका येत नाही. ही सवय जुन्या फर्मवेअरइतकीच घातक आहे.

उपाय सोपा आहे. बीएमसीवरच सीएसआर, म्हणजे प्रमाणपत्रासाठीचा विनंती-अर्ज, तयार करावा, म्हणजे खासगी किल्ली यंत्राबाहेर पडत नाही. त्यावर संस्थेच्या अंतर्गत प्रमाणन प्राधिकरणाची सही घेऊन ते प्रमाणपत्र परत चढवावे, आणि त्या प्राधिकरणाचे मूळ प्रमाणपत्र प्रशासकांच्या संगणकांवर बसवावे. लोक नावाऐवजी आयपी पत्ता टाइप करत असतील, तर प्रमाणपत्राच्या पर्यायी नावांत तो पत्ताही हवा; नाहीतर इशारा तसाच राहतो. सार्वजनिक प्राधिकरणांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, तर १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस ठरली आहे. अंतर्गत प्रमाणपत्रांना हा नियम बांधील नाही. तरी वीस-पंचवीस यंत्रे असतील, तर २०१५मध्ये आलेल्या रेडफिश या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या मानकाद्वारे नूतनीकरण स्क्रिप्टवर सोपवणे शहाणपणाचे.

क्रम महत्त्वाचा आहे : आधी फर्मवेअर, मग घड्याळ, शेवटी प्रमाणपत्र. जुने फर्मवेअर कमकुवत किल्ली बनवू शकते आणि घड्याळ १९७०वर अडकले असेल तर तारखांची पडताळणीच फसते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत.

फर्मवेअर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावे, फाइलचा हॅश (तिच्यावरून काढलेला सांकेतिक ठसा) उत्पादकाने दिलेल्याशी जुळवावा आणि मधली एखादी आवृत्ती आधी टाकायची आहे का, हे सूचनांत पाहावे. बीएमसी पुन्हा सुरू होताना सर्व्हरचे काम सहसा थांबत नाही. पंखे मात्र जोरात फिरू शकतात. या काळात वीज जाता कामा नये. एप्रिल-मेमध्ये नागपुरात दुपारनंतर वादळ उठते आणि वीज जाते, म्हणून यूपीएस तपासून पहाटे काम उरकावे. कारखाना-स्थितीत रीसेट केलेल्या किंवा मदरबोर्ड बदललेल्या यंत्रावर प्रमाणपत्र पुन्हा चढवावे लागते.

एक दोष फर्मवेअरने सुटत नाही. आयपीएमआय २.० या बीएमसीशी संवाद साधण्याच्या २००४च्या मानकाच्या रचनेमुळेच लॉगिन पूर्ण होण्याआधी पासवर्डचा हॅश बाहेर मिळतो आणि त्यावरून पासवर्ड शोधता येतो. तेव्हा ६२३ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट बंद करावा आणि बीएमसी वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात, ठेवावा. ज्या जुन्या यंत्रांसाठी उत्पादकाने फर्मवेअर देणे थांबवले आहे, त्यांच्या मॅनेजमेंट पोर्टची केबल काढून ठेवावी, आणि बीएमसी सर्व्हरच्या मुख्य नेटवर्क पोर्टवरूनही चालत असेल तर ती सोय बंद करावी.