आधी विमान उडवा

4 नोव्हेंबर 2010. सिंगापूरहून सिडनीला निघालेलं क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीचं ए-380 विमान उड्डाणानंतर चारच मिनिटांत, सुमारे 7,000 फुटांवर, स्फोटाच्या आवाजाने हादरलं. डाव्या पंखाखालच्या दोन इंजिनांपैकी आतल्या इंजिनातली टर्बाइनची चकती फुटून तिचे तुकडे पंखाच्या आरपार गेले होते. विमानात 469 माणसं होती. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी लगेच केलं ते एवढंच: विमान आहे त्या उंचीवर स्थिर ठेवणारं बटण दाबलं. इंजिनाची चौकशी त्यानंतर.

आधी विमान उडवत राहायचं, मग कुठे न्यायचं ते ठरवायचं, रेडिओवर बोलायचं ते सगळ्यात शेवटी. हा क्रम वैमानिकांच्या अंगवळणी पाडला जातो, आणि त्यामागे शरीरशास्त्राचं कारण आहे. अचानक धोका समोर आला की रक्तात ॲड्रेनलिन उसळतं आणि काळीज धडधडू लागतं. चार गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवून विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग नेमका तेव्हाच कमी पडतो. लक्ष एकाच दिव्यावर किंवा काट्यावर खिळून राहतं. कानाशी वाजणारा इशाऱ्याचा भोंगासुद्धा ऐकू येईनासा होतो. हजारो तास उड्डाण केलेल्यांनाही हे चुकत नाही. म्हणून अगदी तातडीची मोजकी पावलं तोंडपाठ करून घेतात, सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, ती पुन्हा पुन्हा घोटतात, आणि बाकीचं सगळं चेकलिस्टमधून मोठ्याने वाचून करतात. एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने यादी वाचायची.

नुसता थंड डोक्याचा स्वभाव मात्र पुरत नाही. 28 डिसेंबर 1978 रोजी युनायटेड या विमान कंपनीचं एक डीसी-8 विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ पोहोचलं, तेव्हा चाकं नीट उतरली की नाही याची शंका आली. कॅप्टन शांतपणे तपासणी करत राहिला, विमान जवळपास तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपलं. इंधन उतरत चालल्याचं कॉकपिटमध्ये बोललं गेलं होतं, पण ठणकावून कोणी सांगितलं नाही. दहा जण दगावले. वरिष्ठाला वेळेवर टोकणं आणि वरिष्ठाने ते ऐकून घेणं हेही प्रशिक्षणात शिकवायला हवं, हे विमान कंपन्यांना या अपघाताने पटलं. माझ्या मते विमान सुरक्षेतला हा बदल कुठल्याही नव्या यंत्राइतकाच मोलाचा आहे.

क्वांटासच्या कॉकपिटमध्ये त्या दिवशी योगायोगाने पाच वैमानिक होते. पडद्यावर बिघाडांच्या सूचनांची रांग लागली होती. एकेक यादी संपवायला सुमारे 50 मिनिटं लागली. काय काय मोडलंय हे मोजता मोजता डोकं भरून गेलं, तेव्हा डी क्रेस्पिनींनी प्रश्नच उलटा केला: यातलं चालू काय आहे? जे चालू आहे तेवढ्यावर विमान उतरवायचं, एवढाच हिशोब उरला. आकडेमोड सांगत होती की जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर धावपट्टी शिल्लक राहील. मग उतरण्याआधी, हाताशी उंची असतानाच, या अवस्थेत विमान कह्यात राहतं का हे त्यांनी हलके वळवून पाहिलं. चार किलोमीटरच्या धावपट्टीवर विमान थांबलं तेव्हा पुढे दीडशे मीटरच्या आसपास जागा होती.

तरी धोका टळला नव्हता. पंखातून इंधन गळत होतं, खाली ब्रेक तापून लाल झाले होते आणि डावीकडचं बाहेरचं इंजिन काही केल्या बंद होईना. अशा वेळी दारं उघडून घसरगुंड्या सोडाव्यात असंच कोणालाही वाटेल. पण त्यावरून उतरताना हाडं मोडतात, आणि खाली तर सांडलेलं इंधन आणि चालू इंजिन. वैमानिकांनी प्रवाशांना जागेवरच बसवून ठेवलं, अग्निशमन दलाला फेस मारू दिला, आणि मग उजव्या बाजूला जिना लावून सगळ्यांना उतरवलं. विमानातल्या कोणालाही इजा झाली नाही. ते इंजिन त्यानंतरही बराच वेळ फिरत होतं.