एसीतला टन

उन्हाळा लागला की दुकानादुकानांत एकच प्रश्न: 'एक टन घेऊ की दीड टन?' या टनाचा एसीच्या वजनाशी काडीचाही संबंध नाही. तो आलाय बर्फावरून.

यंत्रं नव्हती तेव्हा गारवा म्हणजे बर्फच. अमेरिकेत हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून तो कापून विकत. 1833 साली तर बोस्टनहून जहाजात घालून थेट कलकत्त्याला आणला होता. पुढे यंत्रं आली, पण त्यांची ताकद बर्फाच्याच मापात सांगितली जाऊ लागली. अमेरिकन टन म्हणजे 2000 पौंड, साधारण 907 किलो. एवढा बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढणारा एसी एक टनाचा.

शाळेतला अप्रकट उष्मा आठवतोय? 0 अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं 0 अंशाचंच पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात. तापमान तसूभर हलत नाही, आणि तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी पुढे 80 अंशांपर्यंत तापलं असतं! 907 किलोंचा हिशेब 24 तासांत वाटला की साडेतीन किलोवॉट येतात. दीड टनाचे झाले सव्वापाच. वीज मात्र दीडेक किलोवॉटच लागते, कारण एसी आतली उष्णता नुसती उपसून बाहेर टाकतो. खर्च त्या उपशाचा. (रिमोटवर 16 केल्यानं खोली लवकर गार होते, ही निव्वळ अंधश्रद्धा. साध्या एसीचा कॉम्प्रेसर 24 वरही तेवढ्याच जोरानं चालतो, 16 वर फक्त थांबायचं नाव घेत नाही.)

खरी गंमत मुंबईत. नळीतून टपकतं ते हवेतल्या बाष्पाचं पाणी. बाष्पाचं पाणी होताना ग्रॅममागे जवळजवळ 585 कॅलरी बाहेर पडतात, बर्फाच्या सातपट. तासाला लिटरभर पाणी बादलीत पडलं, की एका टनाचा पाचवा हिस्सा त्यातच संपला. तेवढ्यानं तापमान उतरत नाही, पण अंगावरचा घाम वाळतो. नागपुरात मे महिन्यात बादली जवळपास कोरडीच. तिथे छळते ती तापलेली गच्ची. दुकानातला 'इतके चौरस फूट, इतके टन' हा तक्ता मात्र दोन्हीकडे सारखाच. वरचा मजला आहे का, पश्चिमेची भिंत किती तापते, घरात माणसं किती, हे आपणच सांगायचं. विक्रेता सहसा विचारत नाही.