गिटारचा प्रोसेसर जुना होतो तो कशाने?

२०२५ मध्ये लाइन सिक्स कंपनीने हेलिक्स या गिटार प्रोसेसरची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचे (अ‍ॅम्पचे) आणि इफेक्टचे आवाज डिजिटल पद्धतीने देणाऱ्या यंत्राची, पुढची पिढी हेलिक्स स्टेडियम जाहीर केली. त्याच वर्षी जर्मनीच्या केम्परने आपल्या प्रोफाइलर या अशाच यंत्राची दुसरी आवृत्ती आणली. तेव्हापासून सोलापुरात ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये आणि लग्नाच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या पोरांच्या तोंडी एकच विषय आहे. हातातलं यंत्र आत्ताच विकून टाकावं का? आणि पुण्या-मुंबईचं कुणी जुना हेलिक्स विकायला काढलाय, तो घ्यावा का? यात बऱ्यापैकी पैसा अडकतो, त्यामुळे मागचा इतिहास पाहूनच ठरवलेलं बरं.

मोठ्या शहरांपेक्षा सोलापुरात हा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण इथे प्रोसेसर हाच गिटारवाल्याचा अ‍ॅम्प असतो. हुतात्मा स्मृती मंदिरातला कार्यक्रम असो की एखाद्या मंगल कार्यालयाचं लॉन, गिटारची लाइन थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते. काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प स्टेजवर दिसतच नाही. मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीचा बेंजोसुद्धा अनेकदा अशाच प्रोसेसरमधून जातो. ते यंत्र कार्यक्रमाच्या मधेच बंद पडलं तर मागे दुसरं काही नसतं.

ज्या आवाजाची ही यंत्रं नक्कल करतात तो मुळात ट्यूबचा. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ मध्ये फेंडर बासमन या अ‍ॅम्पच्या सर्किटवरून जेटीएम-४५ हा अ‍ॅम्प तयार झाला. त्या पिढीचे अ‍ॅम्प साठ वर्षांनंतरही वाजतात. ट्यूबचे नवे जोड अजून बनतात, आणि आतलं सर्किट डोळ्यांनी वाचता येतं, सोल्डरिंग गनने दुरुस्त करता येतं. हा आवाज छोट्या डबीत बसवण्याचे प्रयत्न कंप्युटरच्या आधीचे आहेत. बोस्टन बँडचे टॉम शोल्झ हे एमआयटीत शिकलेले इंजिनिअर. त्यांचा रॉकमन १९८२ मध्ये आला. टेक २१ कंपनीचा सॅन्सअ‍ॅम्प १९८९ चा. दोन्ही अ‍ॅनालॉग, आणि दोन्ही थेट मिक्सरला जोडता येण्यासारखे.

खरं मॉडेलिंग, म्हणजे अ‍ॅम्पची गणिताने केलेली नक्कल, नव्वदच्या दशकात सुरू झालं. अ‍ॅम्पच्या सर्किटचं गणित मांडायचं, ते प्रोग्रॅममध्ये उतरवायचं आणि सेकंदाला चाळीस-पन्नास हजार वेळा ते सोडवत राहायचं, हे काम करणाऱ्या चिपला डीएसपी म्हणतात. रोलँडचा व्हीजी-८ आला १९९५ मध्ये. मार्कस राइल आणि मिशेल डॉइडिक यांच्या लाइन सिक्सने १९९६ मध्ये अ‍ॅक्ससिस २१२ हा मॉडेलिंग अ‍ॅम्प काढला आणि १९९८ मध्ये राजम्याच्या दाण्यासारख्या घाटाचा लाल पॉड. आपल्याकडे मात्र अनेकांच्या पायाखाली पहिल्यांदा आला तो प्लॅस्टिकच्या खोक्यातला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा झूम ५०५ हा प्रोसेसर. त्याचा आवाज पातळ होता, पण त्याच्यावर कितीतरी हात तयार झाले.

आज अपडेट म्हटलं की यूएसबी केबल डोळ्यांसमोर येते. पहिल्या पॉडच्या वेळी तसं नव्हतं. पुढे पॉड २.० निघाला तेव्हा जुन्या पॉडवाल्याला एक चिप विकत घ्यावी लागे आणि यंत्र उघडून सॉकेटमधली जुनी ईपीरॉम (प्रोग्रॅम साठवणारी चिप) काढून नवी बसवावी लागे. २००२ च्या पॉड एक्सटीपासून नवे आवाज इंटरनेटवरून येऊ लागले, पण जादा मॉडेल पॅकना पैसे पडत. २०१० मध्ये पॉड एचडीची पिढी आली. तिचा एचडी ५०० जरा मोठा पॅच, म्हणजे अ‍ॅम्प आणि इफेक्ट जुळवून साठवलेला आवाज, बनवला की डीएसपीची ताकद संपल्याचं सांगायचा. म्हणून २०१३ मध्ये जास्त ताकदीची चिप घालून एचडी ५००एक्स काढावा लागला. जुन्या मालकांना ती ताकद अपडेटने मिळाली नाही, मिळणं शक्यही नव्हतं.

सोलापूरकराला हे समजायला जॅकार्ड माग पुरेसा आहे. चादरीची नक्षी पत्त्यांच्या भोकांत असते. पत्ते बदलले की त्याच मागावर नवी चादर निघते, पण मागाला जेवढे हुक आहेत तेवढ्यातच नक्षी बसवावी लागते. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्रॅम, हे पत्ते आणि डीएसपी म्हणजे हुक. फरक एवढाच की मागाचा तुटलेला भाग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणी ना कुणी घडवून देतो. चिप घडवून देणारा कारागीर इथेच काय, कुठल्याच गावात नाही.

म्हणून सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती फ्रॅक्टल ऑडिओ या कंपनीची. त्यांचा पहिला अ‍ॅक्स-एफएक्स २००६ चा, दुसरा २०११ चा. दुसऱ्यात अ‍ॅनालॉग डिव्हायसेसच्या टायगरशार्क नावाच्या दोन चिप होत्या. फ्रॅक्टलने त्याला वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर लोक म्हणत की नवंच यंत्र मिळालं. पण ती चिपच बाजारातून संपत आली. फ्रॅक्टलला नव्या चिपवर तिसरा अ‍ॅक्स-एफएक्स बांधावा लागला, तो २०१८ मध्ये आला आणि दुसऱ्याचे अपडेट आटले. आवाजाची तक्रार नव्हती, गिऱ्हाईकही तुटलं नव्हतं. कुठल्या तरी कारखान्याने एक भाग बनवणं थांबवलं, एवढ्यावर एका उत्तम यंत्राचं भविष्य ठरलं.

याउलट उदाहरण केम्परचं. ख्रिस्तोफ केम्पर यांनी प्रोफाइलर २०११ मध्ये दाखवला. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये चाचणीचे आवाज सोडून त्याचा ठसा घ्यायचा, ही त्यांची पद्धत. दुसरी आवृत्ती यायला २०२५ उजाडलं. मधल्या काळात मूळ यंत्र तेच राहिलं, पण त्याला नवे इफेक्ट मिळाले, आणि लोक ज्याची वाट पाहून थकले होते तो कंप्युटरवरचा एडिटर, म्हणजे पॅच बनवायचा-बदलायचा प्रोग्रॅमही मिळाला. डिजिटल वस्तू दोन-तीन वर्षांत भंगारात जाते असं आपण मोबाइलवरून धरून चालतो. प्रोसेसरच्या बाबतीत ते खरं नाही, हे केम्परने दाखवून दिलं.

२०१५ च्या हेलिक्सने तर अपडेटची सवयच बदलली. अपडेट फुकट आणि नियमित आले. २०२२ च्या ३.५ मध्ये कॅबिनेटचा, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्पीकरपेटीच्या नकलेचा, सगळा विभाग नव्याने बांधला गेला. त्याचा धाकटा भाऊ एचएक्स स्टॉम्प २०१८ चा. त्यात एका वेळी सहाच ब्लॉक (अ‍ॅम्प, इफेक्ट असे घटक) वापरता येत, २०२० च्या ३.० ने ते आठ केले. यंत्र तेच, चिप तीच, फक्त कंपनीने हात सैल सोडला. बरं वाटलं, पण त्यातून एक गोष्टही कळते. मर्यादा कधी चिपची असते आणि कधी कंपनीच्या निर्णयाची, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यातली कोणती ते कळत नाही. फिनलंडच्या न्यूरल डीएसपी या कंपनीने २०२० मध्ये क्वाड कॉर्टेक्स हा प्रोसेसर जाहीर केला. कंपनीचे कंप्युटरवरचे प्लगइन (गिटारच्या आवाजाचे प्रोग्रॅम) त्यात चालतील हे आश्वासन प्रत्यक्षात उतरायला २०२४ लागलं. पाळलं हे चांगलंच. पण यंत्रात आज जे आहे त्याचेच पैसे मोजावेत, पुढे येणार आहे त्याचे मोजू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

हे झालं कंपन्यांचं. प्रत्यक्षात यंत्र बंद पडतं ते फार साध्या कारणांनी. पहिला जातो अ‍ॅडॉप्टर. जुन्या पॉडला आणि पॉड एक्सटीला नऊ व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही. बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर डीसीचे असतात, त्यामुळे मूळ अ‍ॅडॉप्टर हरवलेला पॉड बिघडलेला समजून कोपऱ्यात पडून राहतो. एचएक्स स्टॉम्पला नऊ व्होल्ट डीसी लागतो, पण तब्बल तीन अँपिअर. साध्या पेडलचा अ‍ॅडॉप्टर त्याला पुरत नाही.

दुसरा शत्रू उष्णता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या मांडवाखाली दुपारी साउंड चेक चाललेला असताना यंत्राच्या आत काय होत असेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. यंत्र उन्हात ठेवू नका, कारच्या डिकीत दिवसभर कोंडू नका. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात अर्थिंग आहे का हे वाजवण्याआधी विचारा. यंत्र वाचतं आणि तारांना हात लावणारा माणूसही.

फुटस्विच आणि फिरते नॉब झिजतात, पण त्यांची धास्ती घेऊ नये. मिक्सर दुरुस्त करणारा चांगला माणूस ते बदलून देतो. जुन्या पिढीच्या काही यंत्रांत पॅच लक्षात ठेवायला बटणासारखा लिथियम सेल असतो. तो संपला की पॅच पुसले जातात आणि मालकाला वाटतं मेमरीच गेली. सेल बदलला की काम होतं, फक्त त्याआधी पॅचचा बॅकअप हवा.

बॅकअपपाशी मात्र गाडी अडते, कारण त्याला एडिटर लागतो आणि एडिटरला कंप्युटर. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटलिना आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम बंद केले आणि कितीतरी वाद्यांचे, प्रोसेसरचे जुने एडिटर त्याबरोबर गेले. यंत्र ठणठणीत आणि त्याच्याशी बोलणारं कुणी नाही, अशी ती अवस्था. ज्याच्याकडे जुना प्रोसेसर आहे त्याने एक जुना लॅपटॉप, त्यावरचा जुना ड्रायव्हर आणि शेवटच्या फर्मवेअरची फाइल जपून ठेवावी. सेकंडहँड घेणाऱ्याने स्क्रीनवरच्या ओरखड्यांआधी हे विचारावं की मूळ अ‍ॅडॉप्टर आहे का, शेवटचा फर्मवेअर टाकलाय का, आणि आपल्या लॅपटॉपवर एडिटर उघडतो का. व्यवहाराआधी लॅपटॉप घेऊन जाऊन हे समोर तपासावं.

हेलिक्सवाल्याने यंत्र घाईत विकू नये असं मला वाटतं. स्टेडियम आला म्हणून जुन्यातला एकही आवाज कमी झालेला नाही, आणि मांडवातल्या स्पीकरमधून ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळणंही कठीण.

पुढचं वळण मला कंपन्यांच्या बाहेर दिसतं. कॅबिनेटचा ठसा म्हणजे आयआर ही साधी वेव्ह फाइल असते. आज घेतलेली आयआर पुढच्या यंत्रातही चालते, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. अ‍ॅम्पच्या बाबतीत तेच काम स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांच्या न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरने सुरू केलं आहे. न्यूरल नेटवर्कने अ‍ॅम्पचा ठसा घेणारा हा प्रोग्रॅम फुकट आणि खुला आहे. कॉलेजमधल्या पोराच्या साध्या लॅपटॉपवर तो चालतो आणि त्याच्या फाइली वाजवणारी पेडलही निघाली आहेत. पॅचचं तसं नाही. हेलिक्सचा पॅच केम्परला कळत नाही, केम्परचा फ्रॅक्टलला नाही. तेव्हा कार्यक्रमातले आपले मुख्य चार-पाच आवाज कोणत्या अ‍ॅम्पवर, किती गेनवर, कोणत्या आयआरवर आणि किती डिलेवर बसवलेत, ते वहीत लिहून ठेवावं आणि आयआरच्या फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवाव्यात.