मध केंद्र योजना: अर्ज कोणी करावा, कागद कोणते जोडावेत आणि पेटी येण्याआधी काय पाहावं

मधपेट्यांसाठी अनुदान हवं म्हणून बरेच जण आधी तालुका कृषी कार्यालयात जातात. मध केंद्र योजना मात्र महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ राबवतं आणि 2019 पासून ती राज्यभर लागू आहे. अर्ज मंडळाच्या जिल्हा कार्यालयात, जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, तिथेही चौकशी करता येते. अर्ज मागवल्याची सूचना स्थानिक वर्तमानपत्रांत येते. तिची वाट न पाहता कार्यालयात जाऊन पुढची मुदत कधी आहे ते विचारून यावं.

योजनेत निम्मा खर्च अनुदानाचा आणि निम्मा आपला. अनुदान साहित्याच्या रूपात मिळतं, रोख नाही. त्यामुळे 'खात्यात पैसे आणून देतो' असं कोणी म्हणालं तर त्याच्या नादी लागू नये. प्रशिक्षण मोफत आहे आणि हमी भावाने मध खरेदीची तरतूदही योजनेत आहे.

अर्जदारांचे तीन प्रकार आहेत. पहिला वैयक्तिक मधपाळ: साक्षर असावा, वय 18 च्या वर असावं. स्वतःची शेती असल्यास प्राधान्य मिळतं, पण ती सक्तीची अट नाही. भूमिहीन कुटुंबांनी आणि जंगलालगतच्या वाड्या-पाड्यांतल्या तरुणांनी हे वाक्य नीट वाचावं. सातबारा नाही म्हणून आपण बाद, असं समजून कितीतरी जण अर्जच करत नाहीत.

दुसरा केंद्रचालक प्रगतिशील मधपाळ: किमान दहावी पास, वय 21 च्या वर, आणि किमान एक एकर शेतजमीन. ती स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर चालते, भाड्याने घेतलेलीही चालते. शिवाय इतरांना मधमाशीपालन, प्रजनन आणि मध उत्पादन शिकवण्याची क्षमता आणि सोय लागते. तिसरा प्रकार केंद्रचालक संस्थेचा. संस्था नोंदणीकृत असावी, किमान 1000 चौरस फुटांची योग्य इमारत मालकीची किंवा दहा वर्षांच्या भाडेकराराने घेतलेली असावी, एक एकर जमीन असावी आणि शिकवण्याची क्षमता असावी.

कागद या अटींवरूनच ठरतात. ओळख आणि वयासाठी आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला, शिक्षणाची अट असेल तिथे दहावीची गुणपत्रिका, जमिनीसाठी ताजा सातबारा, फोटो आणि बँक पासबुकाची झेरॉक्स एवढी फाइल तयार ठेवावी. जिल्हा कार्यालयाची यादी हातात आली की तिच्याशी ताडून पाहावी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढता येतो. जमीन वडिलांच्या किंवा सासूबाईंच्या नावावर असेल तर नातं दाखवायला शिधापत्रिका सोबत असावी. संस्थांची गाडी बहुधा भाडेकरारावर अडते. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा कायद्याने नोंदवावाच लागतो, त्यामुळे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दहा वर्षांचा करार हवा. अकरा महिन्यांच्या कराराने ही अट पुरी होत नाही.

निवड झाल्यावर, प्रशिक्षणाआधी, मध व्यवसाय सुरू करीन असा बाँड मंडळाला लिहून द्यावा लागतो. मग मंडळाने ठरवलेल्या ठिकाणी प्रशिक्षण घ्यायचं, तेही बंधनकारक आहे. काहींना हा क्रम जाचक वाटतो. मला तो या योजनेतला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो, कारण आपल्याला मिळणारी वस्तू जिवंत आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरी या देशी मधमाशीच्या वसाहती, म्हणजे राणीसकट अख्खी कुटुंबं, मोठ्या प्रमाणावर संपवल्या. या रोगात अळीचा कोष होत नाही. पोळ्याच्या घरातली अळी चिमट्याने अलगद उचलली तर ती पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबते. हे ओळखायला पेटीतली पोळ्याची चौकट हातात धरून उन्हाकडे तिरकी करायची सवय लागते, आणि ती प्रशिक्षणातच लागते. मेलिफेरा ही परदेशी मधमाशी पाळणाऱ्यांनी वरोआ या माशीच्या अंगाला चिकटणाऱ्या बारीक परजीवी कोळ्याकडे लक्ष द्यायचं. सातेरी अंग झाडून त्याला बरीचशी आवरते, मेलिफेराला ते तितकं जमत नाही.

अर्जाच्या नमुन्यात नसलेली पात्रता आपणच तपासायची. पेटी ठेवायची तिथून एखाद-दोन किलोमीटरच्या टापूत वर्षभर काय फुलतं, याची महिनावार यादी करावी. महाबळेश्वरच्या डोंगरात जांभूळ, हिरडा, गेळा आहे, कारवीचा बहर मात्र काही वर्षांनी एकदाच येतो. फुलोरा नसलेल्या महिन्यांत साखरपाक द्यावा लागतो, त्याचा खर्च धरावा. पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत.

फवारणीचं तर आधीच ठरवून घ्या. शेजारच्या बांधावर डाळिंब, सूर्यफूल किंवा बियाण्याचा कांदा असेल तर त्या शेतकऱ्याला तुमच्या माशा हव्याच असतात. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळायचं, अगदीच भागत नसेल तर माशा पेटीत परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारायचं, आणि आदल्या दिवशी निरोप द्यायचा, एवढं त्याच्याशी बोलून ठेवावं. भर दुपारच्या एका फवारणीत पेटीच्या दारात मेलेल्या माशांचा सडा पडतो, आणि अनुदानाची पेटी रिकामी व्हायला तेवढं पुरतं.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर मे 2022 मध्ये 'मधाचं गाव' झालं, तेव्हा तिथल्या घरांना माशांची सवय आधीपासून होती. पुढे भुदरगड तालुक्यातल्या पाटगावलाही तोच मान मिळाला. अर्ज भरण्याआधी जमलं तर यांपैकी एका गावात जाऊन दिवसभर मधपाळांसोबत राहावं.

वसाहती हाती आल्या की राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या 'मधुक्रांती' पोर्टलवर नोंदणी करावी. हे पोर्टल एप्रिल 2021 मध्ये सुरू झालं. मध कुठून आला याचा माग त्यातून ठेवला जातो. स्वतःच्या नावाने बाटल्या भरून मध विकायचा असेल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी वेगळी घ्यावी लागते, खादी मंडळाच्या अर्जात ती येत नाही.