काळी माती शिसं धरून ठेवते, पण कुठवर?

कचरा डेपोजवळच्या विहिरीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "अहो, मातीतून झिरपून येतं ना, गाळूनच येतं." उरुळी देवाची-फुरसुंगीत पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं पडला आणि विहिरी नासून लोकांना टँकरचं पाणी प्यायची वेळ आली, तिथेही मातीच होती की!

माती अडवते हे खरं, पण कसं ते बघा. जुन्या बॅटऱ्या, रंग, सर्किट बोर्ड यांतलं शिसं, कॅडमियम लिचेटमध्ये, म्हणजे कचऱ्यातून पाझरणाऱ्या पाण्यात, विरघळतं ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण, म्हणून, त्यामुळे चाळणीत अडकायचा प्रश्नच नाही. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या पापुद्र्यांत काही ठिकाणी ३ भाराच्या ॲल्युमिनियमच्या जागी २ भाराचं मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे अख्खा पापुद्रा ऋणभारित राहतो आणि कॅल्शियमसारखे धनभारित आयन त्याला चिकटून असतात. शिसं आलं की ते कॅल्शियमला उठवून स्वतः बसतं, अगदी एसटीत रिझर्व्हेशनवाला आल्यासारखं. मला ही अदलाबदल फार आवडते, एवढ्याशा चिकणमातीत केवढं रसायनशास्त्र!

पण जागा मोजक्या. ओला कचरा कुजताना आम्लं तयार होतात, पीएच घसरतो, मग हायड्रोजन आयन त्याच जागांवर हक्क सांगतात, लिचेटमधलं सोडियम, अमोनियमही घुसतं आणि धरलेला धातू सुटतो. काही धातू सेंद्रिय रेणूंना बिलगून मातीला न चिकटताच पुढे सरकतो. सहा भाराच्या क्रोमियमची तर गोष्टच वेगळी, ते क्रोमेट म्हणून ऋणभारितच असतं, मग ऋणभारित माती त्याला धरणार कशी? तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्याच्या ढिगाखालून ते थेट भूजलात उतरलंय.

शिवाय काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी मातीतून झिरपत बसतच नाही, भेगेतून सरळ खाली आणि तिथून बेसाल्ट खडकाच्या फटीत.

आणि तो टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगणारं यंत्र, दाखवून "पाणी शुद्ध आहे" म्हणणारे विक्रेते, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका! पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, शेकड्यांत आकडे दाखवणाऱ्या मीटरला ती कळणारच नाही. उकळूनही धातू जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. डेपोजवळ विहीर किंवा बोअर असेल तर पहिल्या पावसानंतरचं पाणी लॅबमध्ये द्या आणि शिसं, कॅडमियम, क्रोमियम अशी नावं घेऊन टेस्ट मागा, कारण नेहमीच्या साध्या तपासणीत धातू बघितले जातीलच असं नाही.